चित्रातील वॉर्सा आणि विटांची वॉर्सा

पोलंडची राजधानी वॉर्सा येथील राजप्रासादाच्या एका दालनात त्या शहराची २२ तैलचित्रे लावलेली आहेत. ती रंगविणारा बर्नार्दो बेलोत्तो हा मूळचा व्हेनिसचा. तेथील ख्यातनाम चित्रकार कानालेत्तो याचा भाचा व शिष्य. मामाचे नाव तोही लावीत असे. ड्रेस्डेन, व्हिएन्ना व म्युनिक येथे काम करून तो १७६७ च्या सुमारास वॉर्सात आला आणि राजा स्तानिस्लाव ऑगस्ट याच्या आश्रयाने १७८० मधील मृत्यूपर्यंत तेथेच राहिला.

अशी नगरदृश्ये काढताना त्या काळचे चित्रकार अंधारपेटीचे साहाय्य घेत. पेटीच्या भिंगातून समोरच्या दृश्याची प्रतिमा आत पडे व ती कागदावर गिरविता येई. मात्र पेटीने इमारतीच्या कडा हाती लागतात. तिरप्या उन्हात जुन्या भिंतीचा गिलावा कसा दिसतो, हे टिपणे चित्रकाराच्या डोळ्याचेच काम होय. बेलोत्तोच्या चित्रांत खिडक्यांच्या चौकटी, छपरांचे उतार, दुकानांचे दर्शनी भाग बारकाईने आले आहेत. रस्त्यावर सरदारांच्या घोडागाड्या आहेत, तसेच धर्मगुरू, फेरीवाले आणि कुत्रीही आहेत.

१९४४ मध्ये वॉर्साच्या नागरिकांनी जर्मन सत्तेविरुद्ध उठाव केला. तो मोडून काढल्यावर जर्मन सैन्याने शहर पद्धतशीरपणे सुरुंग लावून व जाळून टाकले. सुमारे ८५ टक्के शहर उद्ध्वस्त झाले. राजप्रासादही उडविण्यात आला. (त्याच काळात कोल्हापूरजवळील वळिवडे येथील छावणीत हजारो पोलिश निर्वासित राहत होते, याचे स्मरण आपल्याकडे अद्याप आहे.) लुटून नेलेली बेलोत्तोची चित्रे युद्धानंतर परत मिळाली, आणि पुनर्रचनेस निघालेल्या वास्तुशास्त्रज्ञांनी ती पुढ्यात घेतली. म्योदोवा रस्त्यावरील ब्रानित्स्की प्रासाद या चित्रांच्या आधारे पुन्हा उभारण्यात आला.

एवढ्यावरून केवळ चित्रांवर शहर उभे राहिले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. तंत्रविद्यापीठातील वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी युद्धापूर्वी जुन्या इमारतींची मोजमापे घेऊन नकाशे केले होते. एका मठात लपवून ठेवल्याने ते बचावले व फार उपयोगी पडले. छायाचित्रेही होतीच.

शिवाय चित्र हा दस्तऐवज खरा, पण तो पंचनामा नव्हे. राजाश्रित बेलोत्तोने काही ठिकाणी इमारतींची प्रमाणे बदलली, त्यांना अधिक डौल दिला. पुनर्रचनाकारांनीही निवड केली. एकोणिसाव्या शतकात चढविलेले मजले व केलेले फेरफार त्यांनी अनेक ठिकाणी गाळले आणि अठराव्या शतकातील रूप पसंत केले. परिणामी १९३९ मध्ये तेथे राहणाऱ्या माणसाला जी घरे ठाऊक होती, त्यांतील कित्येक तशी परत आली नाहीत. हे योग्य झाले का, यावर जाणकारांत मतभेद आहेत. प्रस्तुत लेखकाच्या मते, शत्रूने शहराची ओळखच पुसण्याचा घाट घातला असता ती ओळख ठळकपणे पुन्हा उभी करावीशी वाटणे स्वाभाविक होते. परंतु निवडीची नोंद मात्र स्पष्ट राहिली पाहिजे.

युनेस्कोने १९८० मध्ये जुन्या वॉर्साचा जागतिक वारसा यादीत समावेश केला, तोही जवळजवळ संपूर्ण पुनर्रचनेचे उदाहरण म्हणूनच. राजप्रासाद उभारण्याचा निर्णय १९७१ मध्ये झाला व १९८४ मध्ये तो लोकांसाठी खुला झाला.