चुंबकाचा धक्का आणि भंडाऱ्याचं मँगनीज

भंडारा जिल्ह्यातल्या जवाहरनगरची ओळख म्हणजे आयुध निर्माणी. स्फोटकं आणि तोफगोळ्यांना रेटा देणारी प्रणोदकं इथे तयार होतात. अशा उद्योगाला ठिणगीसारखा दुसरा वैरी नाही. साधं बटण दाबलं तरी आतले धातूचे संपर्कबिंदू जुळताना-सुटताना बारीक ठिणगी पडू शकते. म्हणून झडप बंद झाली का, चाक किती वेगाने फिरतंय, तारेतून किती प्रवाह वाहतोय, हे शक्यतो कशालाही न शिवता कळावं, अशी सोय जगभर धोक्याच्या जागी केली जाते. त्यातला एक भरवशाचा मार्ग म्हणजे एक चुंबक आणि समोर अर्धवाहकाची चिमुकली चकती.

या चकतीची गोष्ट सुरू होते सोन्याच्या वर्खापासून. अमेरिकेतल्या बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात एडविन हॉल नावाचा तेवीस वर्षांचा विद्यार्थी भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलचा वीज आणि चुंबकत्वावरचा ग्रंथ वाचत होता. प्रवाह वाहणाऱ्या तारेजवळ चुंबक नेला की तार ढकलली जाते, हे तेव्हा सर्वांना ठाऊक होतं. मॅक्सवेलचं म्हणणं असं, की हा जोर तारेवर लागतो, आतल्या प्रवाहावर नाही. हॉलला ते पटेना. तार घट्ट बांधून ठेवली तर आतला प्रवाह तरी एका बाजूला सरकायला हवा, असा त्याचा तर्क. जाड पट्टीवर काही दिसलं नाही. मग हेन्री रोलँड या त्याच्या गुरूच्या सल्ल्याने काचेवर सोन्याचा वर्ख चिकटवला, आणि २८ ऑक्टोबर १८७९ रोजी वर्खाच्या दोन कडांमध्ये किंचितसं व्होल्टेज सापडलं. आठच दिवसांनी, ५ नोव्हेंबरला, मॅक्सवेल वारला. इलेक्ट्रॉनचा शोध लागायला अजून अठरा वर्षं होती. म्हणजे नेमकं काय सरकतंय हे माहीत नसताना हॉलने ते सरकताना पकडलं!

पण धातूत हा परिणाम फारच क्षीण असतो. एक दशांश मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या पट्टीतून एक अँपिअर प्रवाह सोडा आणि तिला एक टेस्लाच्या, म्हणजे चांगल्याच जबर, चुंबकीय क्षेत्रात आडवी धरा. कडांमधलं व्होल्टेज भरतं जेमतेम ०.७ मायक्रोव्होल्ट. कारण तांब्यात मोकळे इलेक्ट्रॉन बेसुमार असतात. ट्रकभर तांदळाची पोती तासाभरात उतरवायची असतील आणि हमाल हजार असतील, तर प्रत्येकाने रेंगाळत चाललं तरी भागतं. हमाल चारच असतील तर त्यांना धावावं लागतं. चुंबकाचा धक्का नेमका वेगावर अवलंबून असतो. जो धावतो त्याला जास्त बसतो.

अर्धवाहकात प्रभार वाहणारे कण धातूच्या तुलनेत लाखो पटींनी कमी असू शकतात. तेवढ्याच जाडीच्या अशा पट्टीतून प्रवाह हजारावा हिस्सा, फक्त एक मिलिअँपिअर सोडला, तरी सहा मिलिव्होल्टच्या आसपास व्होल्टेज मिळू शकतं. ते मोजायला खास प्रयोगशाळा लागत नाही. गॅलियम आर्सेनाइड, इंडियम अँटिमोनाइड आणि अगदी साधं सिलिकॉनही हॉल सेन्सरला, म्हणजे सुरुवातीच्या त्या चकतीला, चालतं ते यामुळेच.

या व्होल्टेजचं चिन्हही बोलकं असतं. ऋण प्रभार वाहत असेल तर एक कड ऋण होते, धन प्रभार वाहत असेल तर तीच कड धन. मात्र जस्तासारख्या काही धातूंत ते उलटं येई. धातूत तर इलेक्ट्रॉनच वाहतात, मग हे कसं? हे कोडं पन्नास वर्षं छळत राहिलं. १९२९मध्ये रुडॉल्फ पायर्ल्स यांनी क्वांटम सिद्धांताने ते सोडवलं. जवळजवळ भरलेल्या ऊर्जापट्ट्यातली इलेक्ट्रॉनची रिकामी जागा धन कणासारखी वागते. आजचं पी-टाइप सिलिकॉन याच रिकाम्या जागांवर चालतं.

आज ई-रिक्षाची मूठ पिळली की आतला चुंबक हॉल सेन्सरसमोर सरकतो आणि कंट्रोलरला वेग कळतो. मोटारीतले हॉल सेन्सर फिरत्या चुंबकाची जागा सांगत राहतात. डीसी प्रवाह मोजणारा टाँग टेस्टरही हॉल सेन्सरवरच चालतो. फक्त एसी मोजणाऱ्याचं तंत्र वेगळं, त्यात छोटा ट्रान्सफॉर्मर असतो.

चुंबक प्रवाहाला बाजूला ढकलतो, तसा त्याची वाट सोपी किंवा अवघडही करतो. पुढे लॉर्ड केल्विन झालेल्या विल्यम थॉमसन यांनी १८५६मध्येच दाखवलं होतं, की चुंबकीय क्षेत्रात लोखंडाचा रोध किंचित बदलतो. १९८८मध्ये आल्बेर फेर आणि पेटर ग्रुनबर्ग यांनी लोह व क्रोमियमच्या पातळ थरांत हाच बदल कितीतरी मोठा करून दाखवला. हार्ड डिस्कची क्षमता झपाट्याने वाढली ती यातून, आणि २००७चं नोबेलही दोघांना मिळालं.

याहून प्रचंड बदल मात्र मँगनीजच्या संयुगात सापडला, आणि मँगनीज तर भंडाऱ्याच्याच मातीतलं. तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्ग आणि चिखला इथे मॉइल कंपनीच्या खाणी आहेत. लॅन्थॅनम, कॅल्शियम, मँगनीज आणि ऑक्सिजन यांच्या संयुगात इलेक्ट्रॉन एका मँगनीज अणूवरून ऑक्सिजनमार्गे दुसऱ्यावर उडी मारतो. दोन्ही अणूंचं चुंबकत्व एका दिशेला असेल तर उडी सोपी, नसेल तर अवघड. बाहेरून चुंबक लावला की सगळ्या अणूंचं चुंबकत्व एका दिशेला वळतं आणि वाट मोकळी होते. १९९४मध्ये या संयुगाच्या पातळ थरात रोध हजारपटीहून अधिक उतरलेला दिसला.

त्यावर पुढे शोधनिबंधांचा पाऊस पडला, पण बाजारात या संयुगाने फारसं नाव काढलं नाही. एवढा बदल दिसायला थंडी शून्याच्या बरीच खाली लागते आणि चुंबकही कित्येक टेस्लाचा. शिवाय प्रयोगशाळेत लागतात ते शुद्ध केलेले ऑक्साइड. खाणीतला काळा धोंडा चुंबकासमोर धरून काही होणार नाही. डोंगरी बुजुर्गचं मँगनीज डायऑक्साइड सध्या जातं ते कोरड्या बॅटऱ्यांसाठी, आणि त्यातलं काही मँगनस ऑक्साइड होऊन खतांत आणि गुरांच्या खाद्यात मिसळलं जातं.