डुकरांची बँक

डुकराचं नाव काढलं की वर्गात पोरं खुदुखुदु हसतात. पण अमेरिकेत एका बाईंनी खरोखर डुकरांची बँक काढली होती. ती का काढावी लागली ते आधी सांगते.

अमेरिकेच्या दक्षिणेला मिसिसिपी नावाचे राज्य आहे. तिथली जमीन कसदार, पण बहुतेक गोऱ्या मळेवाल्यांची. काळ्या लोकांच्या पूर्वजांना आफ्रिकेतून गुलाम करून आणले होते. गुलामगिरी १८६५ साली संपली, तरी पुष्कळांना जमीन मिळालीच नाही. ते मजुरी करत, नाहीतर अर्धेलीने शेत करत. राहायचं खोपटसुद्धा मालकाचं.

फॅनी लू हेमर त्यांच्यातल्याच. जन्म १९१७ चा. २० भावंडांत सर्वांत धाकट्या. सहा वर्षांच्या असल्यापासून कापूस वेचत, म्हणजे आपल्या पहिलीतल्या मुलांएवढ्या! १९६२ साली त्या मतदार यादीत नाव घालायला इंडियनोला गावी गेल्या. मळेवाला म्हणाला, नाव काढून घे, नाहीतर चालती हो. त्याच रात्री त्यांना घर सोडावे लागले. १८ वर्षे त्या तिथे राबल्या होत्या.

मत द्यायला गेलं की जेवण बंद! शिवाय कापूस वेचायची यंत्रे आली, मग मजुरांचं कामही गेलं. हेमरबाईंनी ठरवलं की आपलं अन्न आपणच पिकवायचं.

काळ्या स्त्रियांच्या एका मोठ्या संस्थेने चाळीस-पन्नास डुकरं दिली. त्यांची बँक अशी चाले. गाभण डुकरीण एका घरी द्यायची. पिल्लं झाली की ती त्या घराची. डुकरीण परत बँकेत, मग दुसऱ्या घरी. म्हणजे कर्ज मिळाले, फेडले, आणि व्याज म्हणून कोणी काही मागितले नाही.

१९६९ साली देणग्या गोळा करून त्यांनी ४० एकर जमीन घेतली. नाव ठेवले फ्रीडम फार्म, म्हणजे स्वातंत्र्याची शेती. पुढे ती साडेसहाशे एकरांच्या वर गेली. घरी खायला शेंगा, पालेभाज्या आणि भेंडी. होय, आपलीच भेंडी! तिकडे ती आफ्रिकेच्या लोकांबरोबर पोचली. सोयाबीन आणि कापूस विकून जमिनीचे हप्ते भरायचे. सभासदाची वर्गणी महिना एक डॉलर, पण तेवढीही पुष्कळांना झेपत नसे. त्यांनाही भाजी मिळायची. मला हे सगळ्यात आवडलं.

मग १९७१ साली चक्रीवादळ आलं, नंतर पूर आणि दुष्काळ. पीक गेलं, हप्ते आणि कर थकले. १९७६ पर्यंत जमीन हातची गेली. १९७७ च्या मार्चमध्ये हेमरबाई वारल्या.

मला वाटतं, सगळा भार एकाच शेतीवर पडला. एके ठिकाणी वादळ आलं की सगळंच बुडतं. दक्षिणेतल्या काळ्या शेतकऱ्यांच्या २२ सहकारी संस्थांनी १९६७ सालीच मिळून एक संघ केला होता. तो वेगवेगळ्या राज्यांत पसरलेला आहे आणि अजून चालू आहे. आपल्या गावची सोसायटी असते ना, तशा या संस्था. मिळून खत-बियाणे घ्यायचे, मिळून माल विकायचा. जमीन जायची वेळ आली तर संघ कायद्याची मदत करतो. हे काम फार मोठं आहे, कारण १९२० साली तिथे सव्वानऊ लाखांवर काळे शेतकरी होते. आता ते ५० हजारांच्या आत आले आहेत.