अडीनडीचा पैसा कधी मोडायचा?



लावणीचे दिवस आहेत, पाताळगंगा भरून वाहतेय. आपटा आणि आजूबाजूच्या गावांतल्या घराघरांत या दिवसांत एकच विचार चालू असतो, बाजूला ठेवलेल्या पैशाला हात लावायचा की नाही?

नदीकाठच्या शेतात पाणी तुंबून राब कुजला किंवा लावलेली रोपं वाहून गेली, तर लावा. त्यासाठीच तो ठेवलाय. शेजारी जादा रोपं मिळाली तर उत्तम, नाहीतर हळव्या वाणाचं बियाणं भिजवून, मोड आणून चिखलात फेकायचं, म्हणजे आपली रहू पेरणी. बियाणं, पॉवर टिलर, मजुरी सगळं रोखीनं लागतं आणि त्याच आठवड्यात लागतं. नुकसानीचे फोटो काढा, पंचनाम्यासाठी तलाठ्यांना कळवा, हे सोडू नकाच. पण मदत खात्यात कधी पडेल ते आपल्या हातात नाही आणि भात तोवर थांबत नाही.

आपल्याकडे उलटंही होतं, त्याबद्दल कमी बोललं जातं. बँकेत ठेव आहे, पण "ती मोडायची नाही" म्हणून माणूस शेकडा ३ रुपये महिन्यानं उसने घेतो. हिशेब बघा. ३०,००० रुपयांवर महिन्याला ९०० व्याज. भात विकून पैसे येईपर्यंत पाच महिने धरले तर ४,५०० गेले. तेवढ्याच ठेवीवर ७ टक्क्यांनी पाच महिन्यांत बँक देते ८७५ च्या आसपास. मुदतीआधी मोडली तर त्यातलंही थोडं व्याज कापलं जाईल, मुद्दल जात नाही. मग वाचवलं काय? म्हणूनच ६०,००० ची एक ठेव करण्यापेक्षा २०,००० च्या तीन कराव्यात. लागेल तेवढीच मोडता येते.

आता लावणीची नेहमीची मजुरी, खत, जूनमधल्या वह्या-पुस्तकं, गणपती. हे खर्च जड जातात, कबूल. पण गणपती कधी येणार हे पंचांगात आधीच छापलेलं असतं! त्याला अडीनडी म्हणत नाहीत. शेतीच्या खर्चाला सोसायटीचं पीक कर्ज आहे. ३ लाखांपर्यंतचं मुदतीत फेडलं तर सरकारच्या सवलतीमुळे व्याज शून्यावर येतं. राखीव पैसा मजुरीत गेला आणि पुढच्या पंधरवड्यात घरात कोणी आजारी पडलं, की सावकाराशिवाय दार उरत नाही.

आजारपणात मात्र आधी पेशंट, मग हिशेब. बांधावर साप चावला तर १०८ ला फोन करा, गाडी यायला वेळ लागणार असेल तर मिळेल ती भाड्याची गाडी करून सरकारी रुग्णालय गाठा. तिथे सापाच्या विषावरची लस मोफत असते. मोठ्या ऑपरेशनचं असेल, तर पैसे भरण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत अंगीकृत रुग्णालयांत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार बसतात. रेशनकार्ड आणि आधार एकाच पिशवीत ठेवा, रात्री शोधाशोध नको.

हा पैसा ठेवायचा कुठे, तेही बघायला हवं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर रायगडात कित्येक गावांत बरेच दिवस वीज नव्हती, मोबाईलला रेंज नव्हती. अशा वेळी फोनमधला पैसा दुकानात चालत नाही. आठवडाभराच्या खर्चाइतकी रोकड घरात असू द्या. आणि सगळी पुंजी एकाच बँकेत नको. पनवेलच्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये रद्द केला, पैसे काढण्यावर त्याआधीपासूनच निर्बंध होते. ५ लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो खरा. पण विम्यात पैसा सुरक्षित असणं वेगळं आणि लागेल त्या दिवशी तो हातात असणं वेगळं.

मोडलेली रक्कम वहीत तारखेसह लिहा आणि घरातल्या बाईमाणसालाही ती वही माहीत असू द्या. भाताची पट्टी आली की पहिला भरणा तिथेच.

राब गेला असेल त्यांनी किती गुंठ्यांसाठी बियाणं लागेल ते आपल्या गटप्रमुखांना आजच कळवावं.