रब्बीविना नांदलेला धर्म : कोकणचे बेने इस्रायल आणि रब्बींचे निवाडे

जेरुसलेमचे दुसरे मंदिर इसवी सन 70 मध्ये रोमनांनी उद्ध्वस्त केल्यावर ज्यू धर्मातील बलिविधी थांबले आणि धर्माची सूत्रे पुरोहितांच्या हातून शास्त्र जाणणाऱ्या पंडितांकडे आली. या पंडितांना रब्बी म्हणतात. रब्बी पूजा सांगत नाही. काय खावे, कोणाचे लग्न शास्त्राला धरून झाले, काडीमोड केव्हा पक्की मानावी, याचा निवाडा तो देतो आणि शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतिदिनाच्या, प्रवचनात चालू घडामोडींवर शास्त्राच्या आधारे बोलतो. युरोपात, बगदादमध्ये किंवा येमेनमध्ये रब्बीवाचून ज्यू वस्तीचे पान हलत नसे, आणि तरीही मराठी बोलणारा एक ज्यू समाज कित्येक शतके रब्बीचे तोंडही न पाहता ज्यूच राहिला, ही गोष्ट ज्यू धर्माच्या अभ्यासकांनी द्यावे तितके लक्ष देऊन पाहिलेली नाही.

हा समाज म्हणजे कुलाबा जिल्ह्यातील, आजच्या रायगडातील, बेने इस्रायल. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या आणि त्यांच्यापासून वंश वाढला, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. तिचा काळ ठरवता येत नाही आणि तो ठरवण्याच्या खटपटीत पुष्कळ शाई वाया गेली आहे. घाण्यावर तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचा, म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. गावावरून पडलेली केहिमकर, राजपूरकर, दिवेकर, पेणकर, रोहेकर, चेऊलकर ही आडनावे, घरात मराठी आणि हिब्रूचा जवळजवळ पूर्ण विसर, असे असूनही मुलाची आठव्या दिवशीची सुंता, शनिवारची विश्रांती, खवले व पर असलेलेच मासे खाण्याचा दंडक आणि ईश्वर एकच असल्याची ग्वाही देणारा 'शेमा' एवढे त्यांनी सोडले नाही. बाराव्या शतकाच्या अखेरीस इजिप्तमधील थोर रब्बी मायमोनिडीस यांनी एका पत्रात हिंदुस्थानातील ज्यूंना शब्बाथ आणि सुंता यांपलीकडे धर्माचे काही ठाऊक नसल्याचे लिहिले होते. ते नेमके कोणाविषयी होते हे सांगता येत नसले, तरी दूरच्या पंडिताने या देशातील ज्यूंना जोखण्याची रीत तेव्हापासूनची आहे.

रब्बीची जागा मोकळी नव्हती. ती इतर माणसांनी वाटून घेतली होती. दाविद राहाबी नावाच्या परदेशी ज्यूने या तेल्यांना ओळखले आणि झिराडकर, राजपूरकर व शापूरकर या घराण्यांतील तिघांना शिकवून काजी केले, असे परंपरा सांगते. हे काजी गावोगाव फिरून विधी करीत आणि तंटे सोडवीत, तर गावपातळीवरचा कारभार मुकादम पाहत असे. कंपनी सरकारच्या फौजेतील सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल इझेकिएल दिवेकर, यांनी टिपूच्या कैदेतून सुटून आल्यावर 1796 मध्ये मुंबईत पहिले सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर, बांधले. त्यानंतर प्रार्थना म्हणून दाखवणारा हझान हा समाजाचा मुख्य धर्मसेवक झाला. हझानाला गळा आणि पाठांतर लागते, निवाड्याचा अधिकार त्याला नसतो. कोचीनहून आलेल्या ज्यू शिक्षकांनी एकोणिसाव्या शतकात हिब्रू प्रार्थना शिकवल्या. गंमत अशी की स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये मराठीतून हिब्रूचे व्याकरण छापले ते धर्मांतराच्या आशेने, आणि बेने इस्रायलांनी हिब्रू शिकून घेतले ते आपला धर्म घट्ट करण्यासाठी.

रब्बीच्या प्रवचनाची उणीव या समाजाने ज्या तऱ्हेने भरून काढली, ती अकलूजच्या वाचकाला परकी वाटू नये. आषाढात तुकोबांची पालखी अकलूजला येते, गोल रिंगण होते आणि मुक्कामी कीर्तन रंगते; त्याच कीर्तनाचा साचा उचलून मुंबईतील बेंजामिन शिमशोन अष्टमकर आदी मंडळींनी 1880 च्या सुमारास कीर्तनोत्तेजक मंडळ स्थापन केले. आख्यान अब्राहामाचे, योसेफाचे, मोशेचे किंवा एलिया प्रेषिताचे असे, पण चाली मराठी असत. हिब्रू न कळणाऱ्या बायाबापड्यांना धर्मकथा मायबोलीत कळावी, हा त्यामागचा सरळ हेतू होता. जोसेफ इझेकिएल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थनांची मराठी भाषांतरे करून याच कामाची विद्वत्तेची बाजू सांभाळली. कीर्तनकार हा रब्बी नव्हे हे खरे, परंतु जुनी कथा सांगून आजच्या वागण्याविषयी चार शब्द सुनावणे हे रब्बीचे निम्मे काम त्याने केले.

घरात हेच काम मलिदा करीत असे. नवस फिटला, लग्न ठरले किंवा नव्या घरात पाऊल टाकले की मोठ्या ताटात भिजवलेले पोहे घेऊन त्यांत गूळ, ओले खोबरे व वेलची कालवतात, भोवती फळे मांडतात आणि एलियाहू हनाबीचे, म्हणजे एलिया प्रेषिताचे, स्तवन म्हणून सर्वांना वाटतात. अलिबागजवळ खंडाळे येथील खडकावर एलियाच्या रथाची खूण उमटली आहे, अशी श्रद्धा आहे. द्राक्षारसाऐवजी काळ्या मनुका भिजवून काढलेल्या सरबतावर शब्बाथचा आशीर्वाद म्हणण्याची चालही अशीच, कोणत्याही रब्बीला न विचारता रुळलेली.

विसाव्या शतकात समाजाची सार्वजनिक चर्चा धर्मपीठावरून नव्हे, तर परिषदेतून आणि मासिकांतून झाली. 1917 मध्ये बेने इस्रायल परिषद सुरू झाली तेव्हा तिच्या धुरीणांत औंध संस्थानाचे दिवाण जेकब बापूजी इस्रायल होते. शिक्षण, सहकारी पतपेढी, राष्ट्रीय चळवळीबाबतची भूमिका आणि पॅलेस्टाइनचा प्रश्न यांवर तेथे वाद झडले. डॉ. जेरुशा झिराड यांच्या पुढाकाराने 1925 मध्ये मुंबईत उदारमतवादी ज्यूईश रिलिजस युनियन स्थापन झाली आणि 1957 मध्ये तिच्याकडे ह्यूगो ग्रिन हे तरुण रब्बी आले. ग्रिन पोरवयात आउशवित्सच्या छळछावणीतून वाचलेले होते. पुढे लंडनमध्ये ते बीबीसीवरून चालू प्रश्नांवर बोलणारे ब्रिटनमधले सर्वांत परिचित रब्बी झाले, पण त्यांच्या रब्बीपदाची पहिली काही वर्षे मराठी ज्यूंमध्ये गेली, हे महाराष्ट्रात फारसे कोणाला माहीत नाही.

त्यानंतर थोड्याच वर्षांनी, समाजातील पुष्कळ जण इस्रायलला गेल्यावर, रब्बींचा खरा निवाडा या समाजावर आला. ज्यू शास्त्रानुसार 'गेट' हे घटस्फोटपत्र विधिवत न घेता स्त्रीने दुसरे लग्न केले, तर त्या संबंधातील संततीला 'मामझेर' ठरवून सर्वसाधारण ज्यू कुटुंबात तिचे लग्न लागू देत नाहीत. ज्यांच्याकडे शतकानुशतके रब्बीच नव्हते त्यांची घटस्फोटपत्रे बरोबर कशी असतील, अशी शंका घेऊन इस्रायलच्या मुख्य रब्बीपीठाने, मुख्य रब्बी यित्झाक निस्सिम यांच्या काळात, 1962 मध्ये आदेश काढला की बेने इस्रायल वधूवरांच्या आई, आजी आणि शक्य तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करावी. या शंकेत एक उफराटेपणा होता. शेजारच्या हिंदूंच्या प्रभावाने बेने इस्रायलांत विधवाविवाह टाळला जाई आणि काडीमोडही क्वचितच होई. म्हणजे ज्या शेजारामुळे ते 'कमी ज्यू' वाटले, त्याच शेजाराने शंकेचा आधार बराचसा काढून घेतला होता. 1964 च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये बेने इस्रायलांनी बायकामुलांसह ठिय्या दिला. 17 ऑगस्टला इस्रायलच्या संसदेने, क्नेसेटने, बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर केले आणि महिनाअखेर रब्बीपीठाने आदेशातून त्यांचे नाव काढले. चौकशीचे कलम मात्र नाव न घेता राहिले. त्यामुळे हा विजय पुरा म्हणता येत नाही.

पुढे मुंबईकरांना ठाऊक झालेले रब्बी म्हणजे गावरिएल होल्ट्झबर्ग. खबाद या ज्यू पंथाचे केंद्र ते मुंबईच्या कुलाबा भागातील नरिमन हाउसमध्ये पत्नी रिव्का यांच्यासह चालवीत; 26 नोव्हेंबर 2008 च्या दहशतवादी हल्ल्यात दोघेही मारले गेले आणि त्यांच्या दोन वर्षांच्या मोशेला दाई सँड्रा सॅम्युएल यांनी बाहेर काढले. हे केंद्र मुख्यतः परदेशी प्रवाशांसाठी होते, तरी त्या घटनेनंतर अलिबागपासून पुण्यापर्यंतच्या सिनेगॉगांबाहेर पोलीस पहारा आला. महाराष्ट्र शासनाने 2016 मध्ये ज्यूंना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला तेव्हा देशभरात ते सुमारे साडेचार हजार उरले होते. बाकीचे बहुतेक इस्रायलला गेले आणि तेथूनही 'मायबोली' हे मराठी नियतकालिक काढत राहिले.

बेने इस्रायलांच्या कीर्तनाख्यानांना मराठी वाङ्मयाच्या इतिहासात अजून एखाद्या परिच्छेदापलीकडे जागा मिळालेली नाही. वारकरी आणि नारदीय कीर्तनावर प्रबंध लिहिणाऱ्या अभ्यासकांनी ही तिसरी शाखाही आता हाती घ्यावी, आणि जुन्या ग्रंथालयांच्या चालकांनी अष्टमकर-राजपूरकरांच्या काळातील अशा पुस्तिका कपाटात आढळल्यास त्या रद्दीत न घालता त्यांची नोंद करून ठेवावी.