पत्र्याच्या छपराचा गंज व गळती

नवी मुंबईंतील तुर्भे येथील एपीएमसी मार्केटमध्यें कांद्याची गोणी सोडली म्हणजे प्रथम ओल पाहिली जाते. कांदा-बटाट्याचा घाऊक बाजार १९८१ सालीं मुंबईहून येथें आला. तेथें चार गोणी ओल्या निघाल्या तर साऱ्या वक्कलाचा भाव उतरतो. ही ओल नेहमींच वाटेंत लागलेली नसते. पुष्कळदां ती घरच्या गळक्या पत्र्याखालींच लागलेली असते. म्हणून छपराची दुरुस्ती हा बाजारभावाचाच विषय समजावा.

पत्र्यावर जस्ताचा मुलामा असतो. जस्त स्वतः झिजून लोखंडास राखतें. त्यामुळें लहानशा ओरखड्यानें लगेच गंज चढत नाहीं. जस्त संपलें कीं तांबूस डाग दिसूं लागतात. तुर्भ्यासारख्या खाडीकांठच्या खाऱ्या हवेंत जस्त लवकर झिजतें; पालापाचोळा साचून पत्रा ओला राहिला तर घाटावरही तीच गत होते.

गळतीचें मूळ बहुधा खिळ्याच्या किंवा स्क्रूच्या भोंकाशीं असतें. पाणी पत्र्याच्या खालच्या अंगानें वाहत येऊन दूर ठिबकतें. यास्तव ठिबक्याच्या जागेवरून चढाच्या बाजूस शोध घ्यावा. भर उन्हांत दारें लावून आंतून पाहिल्यास छिद्रांतून उजेड दिसतो. तेथें खडूनें खूण करावी.

दुरुस्ती वैशाखांत, पत्रा पूर्ण कोरडा असतां, सकाळच्या प्रहरीं करावी. गंजावर तसेंच डांबर थापण्याची चाल वाईट. ओल खालीं कोंडून पत्रा आंतून खाल्ला जातो. तारेच्या ब्रशानें गंज चकचकीत धातु दिसेपर्यंत काढावा, धूळ पुसावी, झिंक फॉस्फेटचा प्रायमर द्यावा व वाळल्यावर रंगाचे दोन हात द्यावे. पूर्वीं शेंदराचा रंग देत. त्यांतील शिसें विषारी असल्यानें तो आतां वापरूं नये. नव्या जस्ती पत्र्यास नुसता तेली रंग लावल्यास तो कालांतरानें पापुद्र्यांनीं सुटतो. आधीं जस्तास चालणारा प्रायमर लावावा.

सैल स्क्रू काढून किंचित् जाड स्क्रू नव्या रबरी चकतीसह बसवावा. नालीदार पत्र्यास तो उंचवट्यावर असावा; खोलगट भागांतून पाणी वाहतें. चकती दबेल इतकाच आवळावा, फुटेल इतका नव्हे. वरचा पत्रा खालच्यावर निदान ६ इंच चढलेला असावा. हाताच्या पंजाहून मोठा भाग चाळणीसारखा झाला असल्यास ठिगळ न लावतां पत्राच बदलावा.

वर चढतांना फळी टाकून, खालीं वासे असतील तेथेंच पाय द्यावा. सिमेंटचे जुने पत्रे असल्यास त्यांवर चढूं नये व ते घासूं नयेत. त्यांत ॲस्बेस्टॉस असल्यास त्याची धूळ फुप्फुसांस घातक असते.

एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. थंडीच्या पहाटे पत्रा आंतून ठिबकला तर ती गळती नव्हे. कांदाही श्वास घेतो. त्याची वाफ गार पत्र्यावर जमून पाणी होतें. त्यास रंग नव्हे, वारा हवा. आढ्याशीं व बाजूंस झरोके ठेवावे. पहिल्या सरीपूर्वीं एवढें केल्यास माल घरून कोरडा निघेल, व बाजारांत गोणी सोडतांना मान खालीं घालावी लागणार नाहीं.