घरचा आणि गोडाउनचा आयपी पत्ता एकच असेल तर

भिवंडीत काल्हेर, पूर्णा, दापोडे या पट्ट्यातल्या गोडाउनचा हिशेब हल्ली बरेचजण घरूनही बघतात. घरचा लॅपटॉप व्हीपीएनने, म्हणजे इंटरनेटवरून जाणाऱ्या बंदिस्त वाटेने, गोडाउनशी जोडायचा आणि तिथल्या कॉम्प्युटरवरचं टॅली उघडायचं. कधी कधी व्हीपीएन जोडलेलं दिसतं, पण टॅली उघडत नाही. अशा वेळी आपण आधी दोन्हीकडचे आयपी पत्ते बघावेत.

आयपी पत्ता म्हणजे नेटवर्कमधल्या प्रत्येक यंत्राला मिळालेला क्रमांक. १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खाजगी वापरासाठी राखून ठेवले आहेत. १९९६च्या 'आरएफसी १९१८' या दस्तऐवजात ते दिले आहेत. हे पत्ते बाहेरच्या इंटरनेटवर चालत नाहीत, त्यामुळे घरोघरी तेच वापरता येतात. बरेचसे राउटर १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ घेऊनच येतात. दोन्हीकडे तेच असेल, तर गोडाउनमधला १९२.१६८.१.२० हा कॉम्प्युटर आपला लॅपटॉप घरातच शोधत राहतो.

बदल घरीच करावा. गोडाउनमध्ये कॅमेऱ्यांचा डीव्हीआर, प्रिंटर यांना बहुधा पक्के पत्ते दिलेले असतात. तिथे हात घातला की दिवसभराचं काम अडतं.

मोबाईलच्या वायफाय तपशिलात 'गेटवे' म्हणून दिसतो तो राउटरचा पत्ता. तो कागदावर लिहून ठेवा. घरातल्या पक्क्या पत्त्याच्या यंत्रांचीही नोंद करा.

लॅपटॉप शक्यतो केबलने राउटरला जोडा आणि गेटवेचा पत्ता ब्राउझरमध्ये टाका. इथले आकडे मराठीत छापले असले तरी टाइप इंग्रजीतच करायचे. पासवर्ड बहुतेकदा राउटरखालच्या स्टिकरवर असतो.

'लॅन' विभागात आयपी बदलून १९२.१६८.५७.१ करा. ५७च्या जागी ० ते २५५ मधला कुठलाही आकडा चालतो, फक्त ० आणि १ टाळा. सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० तसाच राहू द्या.

सेव्ह करण्याआधी डीएचसीपी बघा. यंत्रांना आपोआप पत्ते वाटणारी ही सोय. काही राउटर तिची मर्यादा स्वतः बदलतात, काही नाही. गडबड होते ती बहुतेक इथेच: राउटर नव्या पत्त्यावर जातो आणि वाटप जुन्याच पत्त्यांचं चालू राहतं. मर्यादा १९२.१६८.५७.१०० ते १९२.१६८.५७.१९९ अशी ठेवली की शंभर यंत्रांची सोय होते.

सेव्ह केल्यावर पान अडकून राहील. घाबरून रिसेटचं बटण दाबू नका. त्याने इंटरनेट कंपनीने भरलेली जोडणीची माहितीही पुसली जाऊ शकते. राउटर पुन्हा सुरू होऊ द्या, केबल काढून लावा आणि नवा पत्ता ब्राउझरमध्ये टाका. मोबाईलचं वायफाय एकदा बंद-चालू केलं की पुरतं.

आता कागदावरची यंत्रं. डीव्हीआरला नवा पत्ता देताना गेटवेही १९२.१६८.५७.१ करा. गेटवे जुनाच राहिला तर कॅमेरे घरात दिसतात, पण बाहेरून मोबाईलवर दिसत नाहीत. राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून आलेली मागणी ठरावीक यंत्राकडे वळवण्याची सोय, लावलेली असेल तर तिथलाही पत्ता बदला.

मग व्हीपीएन तोडून पुन्हा जोडा आणि टॅली उघडून बघा.