ऊन वाढतं, रान फुलतं

बालमित्रांनो, फुलांचा ऋतू कोणता, असं विचारलं तर तुम्ही चटकन म्हणाल, पावसाळा! बरोबरच आहे. श्रावणात तोरणमाळच्या वाटेवर तेरडा फुलतो, शेताच्या बांधावर कुर्डू डोलतो. पण आपल्या नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या डोंगरात, फुलांचा आणखी एक ऋतू असतो. तो येतो फाल्गुन-चैत्रात. नाले आटलेले, गवत वाळलेलं, दगड तापलेले आणि नेमकी तेव्हाच झाडं फुलतात! असं का बरं?

आधी जरा खऱ्या वाळवंटात डोकावू. दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशात अटाकामा नावाचं अतिशय कोरडं वाळवंट आहे. तिथल्या रानफुलांच्या बिया वर्षानुवर्षं मातीत झोपून राहतात. 2015 साली तिथं बरा पाऊस झाला आणि उजाड वाळूवर गुलाबी-जांभळे गालिचे पसरले. वाळवंटातल्या काही बियांच्या सालीत अंकुराला रोखून धरणारी द्रव्यं असतात. चांगला पाऊस पडला तरच ती धुऊन जातात. चार थेंबांना बी फसत नाही!

आपली झाडं मात्र याच्या उलट वागतात. ती पावसाची वाट न बघता आधीच तयारीला लागतात.

पळसाचंच बघा ना. ‘पळसाला पाने तीन’ ही म्हण तुम्हाला ठाऊक आहे. पण होळीच्या सुमाराला पळसावर एक पान सापडेल तर शपथ! सगळं झाड केशरी. पानांतून पाण्याची वाफ होऊन जाते, म्हणून झाड पानं गाळून पाणी वाचवतं. आडोसा नसल्यामुळे फुलंही लांबून दिसतात. मैना, बुलबुल, शिंजीर मध प्यायला येतात आणि त्यांच्या अंगाला लागून पराग एका फुलावरून दुसऱ्या फुलावर जातात. मग चपट्या शेंगा धरतात, प्रत्येकीत एकच बी. उन्हाळा संपता संपता वारा त्या शेंगा उडवून नेतो, आणि लगेच पाऊस! बी पडतं ते थेट ओल्या मातीत. आहे की नाही बेत?

पळसाच्या पाठोपाठ येतो मोह. त्याची फुलं रात्री उमलतात. गोड वासानं वटवाघळं येतात आणि परागांची ने-आण करतात. गंमत म्हणजे, अमेरिकेतल्या वाळवंटातला सग्वारो नावाचा उंचच उंच निवडुंगही रात्री फुलतो आणि त्याच्याकडेही वटवाघळं येतात. हजारो मैलांचं अंतर, पण युक्ती एकच!

पहाटे मोहाखाली पांढरट, रसाळ फुलांचा सडा पडतो. धडगाव, अक्कलकुव्याकडची कितीतरी मुलं टोपल्या घेऊन आईबरोबर वेचायला जातात. त्या दिवसांत वर्गातले बाक थोडे रिकामे दिसतात, हे आम्हा शिक्षकांना चांगलं माहीत असतं. फुलं वाळवून ठेवतात, खातात, विकतात. त्यात घराला आधार असतो. आणि एक गोष्ट ध्यानात घ्या. गळून पडते ती फुलाची मांसल पाकळी. फळ जिथं धरायचं तो भाग झाडावरच राहतो. म्हणजे फुलं वेचल्यानं झाडाचं काही बिघडत नाही.

मग बिघडतं कशानं? आगीनं. फुलं नीट दिसावीत म्हणून काही ठिकाणी झाडाखालचा पाचोळा पेटवतात. आग पुढं सरकली की डोंगरच जळतो. मोठा मोह त्यातून तगतो, पण त्याच्याखाली पावसाळ्यात उगवलेलं वीतभर रोप जळून जातं. मोहाला फुलायला आठ-दहा वर्षं तरी लागतात. रोपंच उरली नाहीत, तर आजोबांच्या मोहानंतर नातवानं काय वेचायचं? उपाय साधा आहे. पाचोळा झाडूनं बाजूला करावा, किंवा झाडाखाली जुनी साडी नाहीतर जाळी अंथरावी. फुलंही स्वच्छ मिळतात.

आता थोडं निवडुंगाबद्दल. कुंपणाचा त्रिधारी निवडुंग तुम्ही पाहिला असेल. तो खरा कॅक्टस नव्हे! तो मोडला की पांढरा चीक येतो. हा चीक डोळ्यांत गेला तर फार इजा होते, तेव्हा मोडून बघू नका हं. पिवळ्या फुलांचा आणि लाल बोंडांचा फड्या निवडुंग मात्र खरा कॅक्टस. तो मूळचा अमेरिकेतला, माणसानं इकडे आणलेला. त्याचे हिरवे फडे म्हणजे पानं नव्हेत, ते खोड आहे. दिवसा तो आपली सूक्ष्म छिद्रं मिटून घेतो आणि रात्रीच्या गारव्यात उघडतो. पाणी वाचवायचा हा त्याचा मार्ग.

आता एक काम. एक वही घ्या. जवळचं एखादं झाड निवडा. पहिलं फूल कधी दिसलं, तेव्हा पानं होती का, कोणते पक्षी आले, शेंग कधी वाळली, हे तारखेसह लिहा. मोहाखाली किती लहान रोपं आहेत तीही मोजा. दरवर्षी असंच लिहीत राहा. आणि आई-बाबांनो, मोहाखाली गेल्यावर मुलांना ही मोजणी करू द्या. रोपांचा आकडा शून्य आला, तर त्याचा अर्थ त्यांना समजावून सांगायला लागणार नाही.